वॅट मोजू नका, भिंतीवर उजेड बघा

साउंड-लाईटच्या धंद्यात उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, "सर, सगळ्यात स्वस्त एलईडी पार कुठे मिळेल?" माझं स्पष्ट मत आहे, इथे प्रश्नच चुकतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते स्टेजवरच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाचे. बॉक्सवरचे वॅट त्याला दिसतच नाहीत.

वॅट म्हणजे लाईट वीज किती खातो. तो उजेड किती जागेत पसरतो, हे बीमच्या कोनावर ठरतं. चार मीटरवरून २५ अंशांचा बीम साधारण पावणेदोन मीटरचं वर्तुळ पाडतो, ४५ अंशांचा सव्वातीन मीटरच्या पुढे जातो. म्हणजे तोच उजेड साडेतीन पट जागेत पातळ होतो. आणि अंतर दुप्पट केलंत की उजेड पाव होतो. छोटं स्टेज, लाईट जवळ, तर रुंद बीम चालेल. मैदानातल्या कार्यक्रमाला लाईट लांब लागतात, तिथे अरुंदच हवा.

दुकानात या तीन गोष्टी करूनच बघा:

१. पांढऱ्या भिंतीवर लाईट मारा. मधे डाग आणि कडेला अंधार नको.
२. तिन्ही रंग एकदम लावून मधे हात धरा. सावलीच्या कडेला लाल-हिरवे-निळे पट्टे दिसले, तर आत सुटे एलईडी आहेत. एकाच लेन्समागे तीन किंवा चार रंग असतील तर हा त्रास बराच कमी.
३. उजेड मंद करून मोबाईलवर शूटिंग करा. पट्टे दिसले, तर लग्नाच्या व्हिडिओतही दिसणार आणि शिव्या तुम्ही खाणार.

आता हिशोब. उदाहरणादाखल धरा, साधा पार २,५०० रुपयांना आणि चांगला ६,००० ला. आठ साधे म्हणजे २०,०००, चार चांगले म्हणजे २४,०००. मी चार चांगले घेईन आणि मोठी ऑर्डर आली की बाकीचे भाड्याने आणीन. कर्ज काढून आठ साधे घेतले आणि पहिल्याच सीझनला व्हिडिओवाल्याने तक्रार केली, तर पुढची ऑर्डर जाते. हप्ता मात्र चालूच राहतो.

आणखी एक. मिरवणुकीसाठी बीम लाईट घ्यायच्या आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. अलीकडे गणेशोत्सवात बऱ्याच ठिकाणी लेझर आणि बीम लाईटवर बंदी आली आहे.

दुकानदार लाईट लावून दाखवायला तयार नसेल, तर सरळ दुसरं दुकान गाठा.