दोन दिवसांची मुंबई

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा त्याहून दूरच्या एखाद्या गावी राहणारा मनुष्य कामानिमित्त मुंबईस येतो आणि काम उरकल्यावर त्याच्या हाती दोन दिवस मोकळे राहतात. या दोन दिवसांत शहराचा कोणता भाग पाहावा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. बहुतेक जण त्याचे उत्तर स्वतः शोधत नाहीत. 'मुंबई दर्शन' घडवणाऱ्या बसमध्ये जाऊन बसतात. गेटवे ऑफ इंडिया, मलबार हिलवरील बाग, जुहूची चौपाटी आणि वाटेत खिडकीतून दाखवलेले नटनट्यांचे बंगले एवढे पाहून संध्याकाळी थकून उतरतात. दिवसाचा बराचसा वेळ रहदारीतच गेलेला असतो.

माझे मत असे आहे की, थोड्या दिवसांच्या भेटीत स्थळांची यादी करू नये. वस्त्या निवडाव्यात, आणि त्याही दोनच. निवडताना वस्तीची प्रसिद्धी पाहू नये. तेथे पायी हिंडता येते का आणि तेथील वर्दळ तेथल्याच माणसांच्या कामाची आहे का, हे पाहावे. केवळ पाहुण्यांसाठी सजवलेला भाग कोणत्याही शहरात गेले तरी साधारण सारखाच दिसतो. मुंबईपुरते बोलायचे तर मी पहिला दिवस कोट ते गिरगाव या पट्ट्याला देईन आणि दुसरा गिरणगावाला.

कोट म्हणजे आजचा फोर्ट. येथील इंग्रजांच्या किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडण्यात आली. तट गेला, पण नावे राहिली. चर्चगेट स्थानकातून रोज लाखो लोक ये-जा करतात. हे नाव त्या तटाच्या एका दरवाज्याचे आहे. ज्या चर्चमुळे ते पडले, ते १७१८ सालचे सेंट थॉमस कॅथीड्रल हॉर्निमन सर्कलजवळ आजही उभे आहे. तटाबाहेरची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने त्या मोकळ्या जमिनीचेच उरलेले तुकडे होत. ओव्हलच्या मध्यभागी उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक इमारतींची रांग दिसते, तर पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीची घरे. या दोन्ही समूहांना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. दोन शतके समोरासमोर उभी असलेली पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, आणि मधल्या मैदानात क्रिकेटचे डाव अखंड चालू असतात.

तेथून उत्तरेस धोबी तलावाकडे निघावे. या नावाचा तलाव कधीच बुजला आहे. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर कोटाबाहेरची वस्ती वाढत गेली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव हा सारा परिसर त्या वाढीतून भरला. झवेरी बाजार, तांबाकाटा, लोहार चाळ ही नावेच तेथील जुने व्यवसाय सांगतात. लोहार चाळीत आज लोहार नाहीत, विजेचे सामान विकणारे आहेत! पुढे गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी लागतात आणि येथे एके काळी बागा होत्या, हे कोणी न सांगताच कळते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. जवळच खोताची वाडी आहे. तेथील लाकडी ओसऱ्यांच्या घरांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्यांची बोली मराठीच आहे. मराठी माणूस म्हणजे अमुक एका धर्माचा, अशी समजूत घेऊन आलेल्याने या वाडीत अर्धा तास अवश्य काढावा. २०२५ पासून काळबादेवी आणि गिरगाव या नावांची भुयारी मेट्रोची स्थानकेही झाली आहेत, त्यामुळे परतताना दमलेल्या पायांची सोय होते.

दुसरा दिवस लालबाग, परळ, काळाचौकीचा. येथे देखणे असे फारसे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही मुंबई ज्या श्रमांवर उभी राहिली, त्यांचा हा मुलूख आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेली माणसे गिरण्यांत पाळी करीत आणि एकेका खोलीत अनेक जण राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवीत. याच बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. पाहुणा त्या मॉलमध्ये जातो, सरबत पितो आणि आपण गिरणीत उभे आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्याने गेटाबाहेर पडून अर्धा तास चालले तरी पुरे.

चाळींविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालय, अशी त्यांची रचना. त्यांचा पुनर्विकास सुरू झाला असून २०२५ साली वरळीतील पहिल्या रहिवाशांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुनी चाळ गेली म्हणून पाहुण्याने हळहळू नये. पहाटे बादली घेऊन रांगेत उभे राहणे त्याच्या वाट्याला आलेले नसते. चाळ पाहायची तर रस्त्यावरून पाहावी, आत जायचे तर कोणाला तरी विचारून जावे. तेथील लांब गॅलरी हे घराचे अंगण आहे. अंगणात शिरून कोणी वाळत घातलेल्या कपड्यांची छायाचित्रे घेत नाही.

याच कारणासाठी, केवळ गरिबी पाहायला म्हणून धारावीत जाण्याची रीत मला मान्य नाही. कुंभारवाड्यात पणत्या घ्यायला जावे, चामड्याच्या दुकानांतून पिशवी विकत आणावी, भाव करावा. गिऱ्हाईक म्हणून गेलेल्या माणसाशी तेथील कारागीर बरोबरीने बोलतो. घोळक्याने येऊन गल्लीत डोकावणाऱ्यांशी त्याने काय बोलावे?

राहता राहिला वाराचा प्रश्न. पहिला दिवस कामाचा असावा, कारण रविवारी भुलेश्वराकडच्या बाजारांतील बरीच दुकाने बंद असतात. लालबागेत उन्हाळ्यात गेलात तर मसाल्याच्या गल्लीत वर्षभराचा मसाला भाजून डंखावर कुटून घेणाऱ्या बायकांची गर्दी दिसेल. नाकाला रुमाल लावावा लागतो, पण तेवढे सोसावे. गिरणगावासाठी रविवारच चांगला. त्या दिवशी माणसे घरी असतात आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी, आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला सवड असलेले कोणी ना कोणी भेटते.