आत्मचित्र कीं आत्मस्तुति?

कलावंतानें पुनःपुन्हां स्वतःचेंच छायाचित्र घ्यावें ही निव्वळ आत्मस्तुति होय, असें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत ठाम होऊन बसलें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांच्या 'सोम्न्यामा न्गोन्यामा' या चित्रमालेविषयीं बोलणें निघालें कीं तें हटकून पुढें येतें. झुलू भाषेंतील या नांवाचा अर्थ 'काळ्या सिंहिणीचा जयजयकार'. २०१२ सालीं आरंभिलेल्या या मालेंत चित्रविषय मुहोली स्वतःच. आणि कांति मागाहून मुद्दाम अधिक काळी केलेली. त्यावरून दुसरा आक्षेप निघतो कीं, ही छायाचित्राच्या सत्याशीं प्रतारणा आहे.

हा दुसरा आक्षेप आधीं घेऊं. कॅमेऱ्यानें काळ्या माणसाविषयीं निर्भेळ सत्य सांगितलें तें केव्हां? १८६९ सालीं जॉन लॅम्प्रे यानें मानववंशांचीं मापें घेतां यावींत म्हणून दोन-दोन इंचांच्या चौकोनी जाळ्यापुढें नागवीं माणसें उभीं करण्याची युक्ति मांडली. आमच्या मुंबईंतच विल्यम जॉनसन यानें १८६३ व १८६६ सालीं येथील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत माणसें एकीकडे टिपून भलत्याच देखाव्यावर बसविलेलीं आहेत! दक्षिण आफ्रिकेंत तर १९५० च्या कायद्यानें प्रत्येकाच्या नांवावर त्याचा वर्ण नोंदला गेला, आणि १९५२ च्या कायद्यानें काळ्या माणसाच्या खिशांत छायाचित्र डकविलेलें ओळखपुस्तक आलें. तें जवळ नसणें हा गुन्हा होता. अशा देशांत स्वतःच्या मुखाचा रंग स्वतः ठरविणें यास प्रतारणा म्हणावयाचें काय?

आतां आत्मस्तुतीविषयीं. मुहोली यांनीं २००६ पासून समाजानें छळलेल्या समलिंगी कृष्णवर्णी स्त्रियांचीं शेंकडों व्यक्तिचित्रें टिपलीं. कॅमेरा स्वतःकडे वळला तो त्यानंतर. आणि वळूनही त्यांत दिसतें कोण? बेस्टर हें मुहोली यांच्या मातोश्रींचें नांव. ही बाई गोऱ्यांच्या घरीं वर्षानुवर्षें मोलकरीण होती. तिच्या नांवानें २०१५ सालीं केलेल्या चित्रांत कपडे वाळत घालण्याचे चिमटे हाच मुकुट, आणि तींच कर्णभूषणें. दुसऱ्या एका चित्रांत खाणकामगाराचें शिरस्त्राण आहे. २०१२ सालीं मारिकाना येथें पोलिसांच्या गोळ्यांनीं पडलेल्या ३४ कामगारांची ती स्मृति. सर्वच चित्रें सारखीं उतरलीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. कांहींत वेषाचा सोस चेहऱ्यावर मात करतो. परंतु मोलकरणीचे चिमटे डोक्यावर धारण करणाऱ्यास आत्मस्तुतीचा दोष देणें हें आम्हांस तरी अरसिकतेचें वाटतें.

शिवाय हे आक्षेपक आपल्या घरांत कसे वागतात? कन्येच्या लग्नासाठीं छायाचित्र काढावयाचें झालें कीं 'जरा उजळ येऊं द्या' ही सूचना छायाचित्रकारास न चुकतां मिळते, आणि सांवळी मुलगी कागदावर गोरी होऊन वरपक्षाकडे रवाना होते. त्या वेळीं छायाचित्राचें सत्य कोणाच्या तोंडीं येत नाहीं. उजळ करणें ती सुधारणा आणि काळें करणें तेवढी प्रतारणा, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला, तें या मंडळींनीं एकदां स्पष्ट सांगावें.