६ ऑगस्टचा हिशेब

आज ६ ऑगस्ट. २०२१ साली याच तारखेला, एका शुक्रवारी, भंडारा जिल्ह्यातल्या शेवटच्या कोरोना रुग्णाला सुटी झाली आणि उपचाराखाली एकही रुग्ण नसलेला राज्यातला पहिला जिल्हा म्हणून भंडाऱ्याचं नाव झालं. एरवी आमचा जिल्हा बातमीत येतो तो वैनगंगेला पूर आला की, वाघाने माणूस मारला की किंवा धानाचे चुकारे अडले की. त्या दिवशी तो चांगल्या कारणाने आला. रोवणी आटोपत आली होती, बांध्यांत पाणी होतं, आणि लोकांनी बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

पण त्या मोकळ्या श्वासामागे काय होतं, ते आज नीट सांगायला हवं. जिल्ह्यातला पहिला रुग्ण गराडा गावात २७ एप्रिल २०२० रोजी सापडला. पुढच्या पंधरा महिन्यांत १,१३३ माणसं गेली. २०२१ च्या १८ एप्रिलला एकाच वेळी १२,८४७ जण बाधित होते. जिल्ह्याची वस्ती बारा लाखांची, म्हणजे शंभरामागे एक माणूस. खाट मिळावी म्हणून नागपूरकडे धावावं, तर नागपूरचीही रुग्णालयं भरलेली. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना हे आकडे वाचून दाखवावे लागत नाहीत. जी मुलं तेव्हा लहान होती त्यांच्यासाठी मात्र ते लिहून ठेवले पाहिजेत.

भंडारा, लाखनी, साकोली अशी गावं घेत जाणारा महामार्ग या काळाचा मोठा साक्षीदार आहे. २०२० च्या मे महिन्यात डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू घेतलेली माणसं याच रस्त्याने उन्हातान्हात छत्तीसगड, ओडिशाकडे पायी निघाली होती. रस्त्याकाठच्या गावांतल्या लोकांनी पाण्याचे माठ भरून ठेवले, वरण-भात शिजवला, जुन्या चपला आणून दिल्या. वर्षभरातच त्याच रस्त्यावरून भिलाईच्या पोलाद कारखान्यातला ऑक्सिजन घेऊन टँकर उलट दिशेने, नागपूरकडे धावू लागले. ज्या मजुरांना आपल्या शहरांनी पायी घराकडे पाठवलं, त्यांच्याच मुलखातून आपल्याला श्वास आला. ही गोष्ट विदर्भाने विसरू नये.

गावांतलं वागणं मात्र सगळंच गौरवाने सांगण्यासारखं नव्हतं. पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून परतलेल्या पोरांना वेशीवर अडवलं गेलं. रस्त्यावर झाडं आडवी पाडून गावबंदी झाली. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं, आईने डबा फाटकाशी ठेवून मागे सरायचं. बाधिताच्या घरी दूधवाला जाईना, मयताला खांदा द्यायला सोयरे येईनात. भीती खरी होती, पण तिच्यापायी झालेला दुरावा काही घरांत अजून बुजलेला नाही. आणि त्याच गावांत, कुटुंबच्या कुटुंब आजारी पडलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांच्या बांधीतलं पाणी बघितलं, पऱ्हे जगवले, रोवणी उरकून दिली. मोह वेचणं आणि तेंदूपत्त्याची तोडणी टाळेबंदीच्या दिवसांतच आली होती. हातात रोकड नसताना या जंगलाने किती चुली पेटत्या ठेवल्या, याची नोंद कोणत्याही आरोग्य अहवालात सापडणार नाही.

त्यातच २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा चढली. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलेलं आणि इकडे भंडारा शहरासह नदीकाठची गावं बुडालेली. पाच महिने 'घरातच राहा' ऐकत आलेल्या माणसांना घर सोडून शाळांमध्ये, सभागृहांत दाटीवाटीने राहावं लागलं. अंतर कुठून ठेवणार?

या सगळ्यात दारोदार फिरत होत्या त्या आशाताई. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हाचं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. पिशवीत नोंदवही, ताप मोजायचं यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. धानाच्या चिखलातून नुकत्याच आलेल्या म्हाताऱ्याचं बोट गार पडलेलं, भेगाळलेलं, आणि यंत्रावर आकडाच उमटत नाही. ताई ओसरीत बसून राहते. "बाबाजी, हात चोळा जरा." पदराने बोट कोरडं करते, पुन्हा लावते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबते, मगच वहीत लिहिते आणि पुढच्या घरी जाते. तपासणी, शोध आणि उपचार यांमुळे जिल्हा कोरोनामुक्त झाला, असं प्रशासनाने सांगितलं ते खरंच आहे. त्यातला शोध म्हणजे ही ओसरीतली बाई. तिला मानधनासाठी जून २०२१ मध्ये राज्यभर संप करावा लागला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, त्याचा आनंदच आहे. पण गौरवपत्राने किराणा भरता येत नाही.

आणि ९ जानेवारी २०२१ ची पहाट. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. ती कोरोनाने गेली नाहीत म्हणून साथीच्या आकड्यांत ती नाहीत. पण एका रोगाकडे सगळं लक्ष लागलेलं असताना बाकीची यंत्रणा किती उघडी पडते, हे त्या रात्रीने दाखवलं. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये नगरला अतिदक्षता कक्ष जळाले. आदेशावर सही होणं आणि भिंतीवर चालू स्थितीतलं आगविरोधी यंत्र असणं, यांत किती अंतर असतं ते आम्ही लेकरं देऊन शिकलो. म्हणून भंडाऱ्याने कोरोनामुक्तीचा दिवस आठवताना त्या दहा आयांनाही आठवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

येत्या १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरतील. त्यात झेंड्यानंतरच्या भाषणांपेक्षा काही साध्या गोष्टी विषयपत्रिकेवर याव्यात. आपल्या गावातून कोण गेलं, त्यांची नावं इतिवृत्तात लिहावीत. पती गमावलेल्या किती बायांना पन्नास हजारांचं सानुग्रह साहाय्य मिळालं, वारस नोंदी आणि सातबारा कुणाचे अडलेत, अशा बायांसाठीच्या 'मिशन वात्सल्य' मोहिमेतून कुणाच्या हाती काय आलं, हे ग्रामसेवकांनी नावानिशी वाचून दाखवावं. उपकेंद्रातला ऑक्सिमीटर चालतो का, त्यात सेल आहेत का, ते तिथल्या तिथे लावून बघावं. आणि आशाताईंचं मानधन किती महिन्यांचं थकलं आहे, हे त्यांनाच उभं राहून सांगू द्यावं.