समितीत नाव आहे, हिशेब येतो का?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तेव्हा प्रश्न पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा होता. आता नळ वस्तीत आले; पण व्हॉल्व्हची चावी, टीसीएलची पिशवी आणि पाणीपट्टीची वही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरलाच आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात मिळावे, असे त्यात ठरले. गावच्या पाणी समितीत १० ते १५ सभासद, त्यांत निम्म्या महिला, शिवाय दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, अशी मार्गदर्शक सूचना आहे. कागद चांगला आहे. परंतु आम्ही पाहतो ते असे, की आपली भगिनी समितीत असते आणि रजिस्टर सहीपुरते तिच्या घरी येते! ज्याला हिशेब येत नाही, त्याची जागा दुसराच कोणी चालवतो.

म्हणून प्रशिक्षण हवे. त्यात शिकायचे ते काही अवघड नाही. हजार वस्तीच्या गावाला रोज ५५ हजार लिटर पाणी लागते. टाकी किती लिटरची, दिवसातून किती वेळा भरते, एवढे कळले की पाणी कमी आहे की वाटप वाकडे आहे, हे उघड होते. शेवटच्या टोकाच्या घरांना धार बारीक का, हे तेव्हा ठामपणे विचारता येते. आणि शेवटचे टोक बहुधा कोणाचे असते, हे वाचकांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. टीसीएल टाकल्यावर निदान अर्धा तास थांबावे, मग शेवटच्या नळाचे पाणी ओ.टी. तपासणीत पिवळे होते का, ते पाहावे. रंग आला नाही, तर क्लोरीन तिथवर पोचलेच नाही. पाणी तपासण्यासाठी दर गावी पाच महिलांना शिकवावे, असेही मिशनमध्ये सांगितले आहे. त्या पाचांत वस्तीतली एक तरी असावी.

तिसरी गोष्ट वहीची. पाणीपट्टी किती जमली, वीजबिल किती, दुरुस्ती किती, बँकेत शिल्लक किती. घरखर्च भागवणाऱ्या बाईला हे जमा-खर्च चार दिवसांत येतात.

अडचण एकच. प्रशिक्षण तालुक्याला, तेही कामाच्या दिवशी. मजुरी बुडवून कोण जाणार? तेव्हा ग्रामसभेत मागणी करा, की वर्ग गावात, संध्याकाळी भरवा. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. ठराव झाला, तर त्याची नक्कल मागा.

बंधू-भगिनींनो, हक्क मिळवून दिला तो पूर्वजांनी. तो चालवायचा कसा, हे आपल्यालाच शिकावे लागेल.