धीर कुठे धरावा, कुठे धरू नये



हिवाळा आला की आपल्या मंडळींच्या फोनवरच्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात : बर्फ किती पडला आणि कोण घसरून पडलं. कुणी ड्राइव्ह-वे साफ करताना पडतो, कुणी छपराच्या पन्हळीतला पाला काढायला शिडीवर चढलेला असतो, कुणी स्कीइंगला गेलेला असतो. तर कुणाच्या भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईचा दाराशीच पाय सरकतो. बहुतेक वेळा मुक्या मारावर किंवा मनगटाच्या प्लास्टरवर निभावतं. पण एक फ्रॅक्चर असं आहे की ज्याच्या उपचारात घरच्यांचा जीव अगदी टांगणीला लागतो. ते म्हणजे नडगीच्या हाडाचं, गुडघ्याला लागून झालेलं फ्रॅक्चर. इथले डॉक्टर त्याला ‘टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर’ म्हणतात.

प्लॅटो म्हणजे पठार. पाचगणीचं टेबललँड ज्यांनी पाहिलंय त्यांना हे हाड समजायला वेळ लागणार नाही. नडगीचं हाड वर गुडघ्याशी रुंद होतं आणि त्याचा माथा सपाट असतो. त्या सपाटीवर मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं टेकतात. आपलं अर्ध्याहून अधिक वजन या दोन लहानशा पठारांवरून खाली उतरतं. वर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, पण आतलं हाड स्पंजासारखं जाळीदार असतं. वरून जोराचा दणका बसला की हे पठार चिरतं, नाहीतर खचतं. कधी दोन्ही होतं. तरुण माणसाला त्यासाठी मोटारीचा अपघात किंवा उंचावरून पडणं लागतं. साठी-सत्तरीत हाडं ठिसूळ झाली असली तर साधं घसरणंही पुरतं.

अमेरिकेत या दुखण्याला एक जुनं नाव आहे, ‘फेंडर फ्रॅक्चर’. डॉ. कॉटन आणि डॉ. बर्ग यांनी १९२९ साली या नावाने लेख लिहिला होता. रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या आणि पायी चालणाऱ्याच्या गुडघ्याला बाजूने मोटारीचा पुढचा पत्रा लागला की नेमकं हेच हाड मोडे. पुढे टोरांटोचे डॉ. जोसेफ शाट्झकर यांनी १९७९ साली या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडले. आजही डॉक्टर ‘टाइप टू’, ‘टाइप सिक्स’ असं म्हणतात ते त्यांच्याच हिशेबाने. पहिल्या तिन्हींत फक्त बाहेरची बाजू मोडते. चौथ्यात आतली बाजू, पाचव्यात दोन्ही, आणि सहाव्यात पठारच खालच्या नडगीपासून सुटं होतं. शेवटचे तीन प्रकार गंभीर समजावेत. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या दुखण्यात दोन गोष्टी आपल्या सवयीच्या अगदी उलट आहेत. जिथे आपण घाई करतो तिथे थांबायचं असतं आणि जिथे आपण सोसतो तिथे ओरडायचं असतं.

आधी घाईचं बोलू. इमर्जन्सी रूममध्ये एक्स-रे झाला, हाडाचे तुकडे झालेत हे कळलं, की आपली अपेक्षा असते : आता ताबडतोब ऑपरेशन. पण होतं काय, की सर्जन मांडीच्या हाडात दोन-तीन आणि नडगीत दोन-तीन खिळे बसवतात, बाहेरून दांड्यांनी ते जोडतात आणि सांगतात, ‘आता सूज उतरेपर्यंत थांबू.’ एक आठवडा, दोन आठवडे, कधी तीनसुद्धा. इकडे पुण्याहून काकांचा फोन येतो, ‘अजून ऑपरेशन नाही? तिथे काय अमेरिकेत डॉक्टर नाहीत?’ घरात कुजबुज सुरू होते, की इन्शुरन्समुळे टाळाटाळ चालली असणार.

तर मंडळी, हे थांबणं ही टाळाटाळ नव्हे, हा उपचार आहे. नडगीवर हात फिरवून पाहा. कातडी आणि हाड यांच्यामध्ये पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नाहीच. दणक्याने ही कातडी सुजून तट्ट होते, तिच्यावर पाण्याचे फोड येतात. विसाव्या शतकात अशा सुजलेल्या कातडीवर मधोमध मोठा छेद घेऊन लगेच दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवल्या जात. मग जखमा उघडायच्या, पू व्हायचा, आणि काही वेळा पाय गमावण्याची पाळी यायची. त्या अनुभवातून सर्जन शिकले. आता आधी बाहेरच्या सांगाड्याने पाय ताणून स्थिर करतात, मग सी.टी. स्कॅन काढून प्रत्येक तुकड्याचा नकाशा मांडतात, आणि कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की खरं ऑपरेशन करतात. सुरकुती पाहून आनंद होण्याचा आयुष्यातला हा एकमेव प्रसंग असावा!

खऱ्या ऑपरेशनात सहसा दोन वेगळे छेद असतात, एक बाहेरच्या बाजूने आणि एक आतून मागच्या बाजूने. खचलेला भाग खालून हळूच वर उचलतात. त्याखाली पोकळी राहते, ती हाडाच्या कलमाने किंवा कॅल्शियम फॉस्फेटच्या सिमेंटने भरतात. वरून पुन्हा खचू नये म्हणून छपराखाली वासे घालावेत तसे स्क्रू आडवे ओळीने घालतात, आणि बाजूंना धातूच्या पट्ट्या.

कातडी फारच दुखावली असेल तर दुसरी वाट आहे ती इलिझारोव्ह पद्धतीची. सैबेरियातल्या कुर्गान गावचे डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी ती १९५० च्या दशकात सुरू केली. पश्चिमेकडच्या डॉक्टरांपर्यंत ती १९८० नंतर इटलीमार्गे पोचली. पायाभोवती कडी आणि त्यांतून आरपार बारीक ताणलेल्या तारा. आपल्याकडे अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी याच पद्धतीच्या कामासाठी ओळखले जातात, तेव्हा विदर्भातल्या वाचकांना ही कडी नवी नसतील. कॅनडातल्या सर्जनांनी या दोन्ही पद्धतींची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन वर्षांनंतर गुडघ्याची स्थिती दोन्हीकडे साधारण सारखीच होती. कड्यांच्या गटात इस्पितळातले दिवस कमी होते आणि पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळही कमी आली. म्हणून सर्जनने ‘रिंग’ सुचवली तर ती दुय्यम दर्जाची समजू नये.

आता सोसण्याचं. आपल्याकडे, विशेषतः आपल्या आईच्या पिढीत, दुखणं बोलून दाखवणं म्हणजे कमीपणा. नर्स विचारते, ‘एक ते दहामध्ये किती दुखतंय?’ आई म्हणते, ‘ठीक आहे गं, थोडं ठणकतंय.’ मुलगा भाषांतर करतो, ‘दोन.’ एरवी या सोशिकपणाचं कौतुकच करावं, पण या फ्रॅक्चरनंतरचे पहिले दोन दिवस तो घातक ठरू शकतो.

त्याचं कारण असं. पोटरी आणि नडगीचे स्नायू घट्ट आवरणांच्या चार कप्प्यांत असतात. ही आवरणं ताणली जात नाहीत. आत रक्त साचलं, सूज वाढली, की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. हे काही तास असंच राहिलं तर स्नायू आणि नसा मरू लागतात, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. उपाय एकच : तातडीने ती आवरणं उघडून दाब मोकळा करणं. जखम काही दिवस उघडीच ठेवतात. ती पाहून घाबरू नये. गोल्फपटू टायगर वुड्स यांच्या मोटारीला फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ अपघात झाला, तेव्हा त्यांची नडगी वर आणि खाली अशी अनेक ठिकाणी मोडली होती. त्यांच्याही पायाचं आवरण दाब कमी करण्यासाठी उघडावं लागलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये ते मास्टर्स स्पर्धेत पुन्हा चालत खेळले.

हा धोका सर्वांत आधी कळतो तो वेदनेवरून. औषध देऊनही न थांबणारी, तासातासाला वाढणारी कळ, पायाची बोटं दुसऱ्याने हलवली तर पोटरीत जीवघेणी कळ, पाय आवळून बांधल्यासारखा वाटणं, मुंग्या, बधिरपणा. पावलाला नाडी लागते म्हणजे सर्व ठीक, असंही नाही. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा : ठणका, कळ, चमक, रग, आग, मुंग्या. आईने यातला कुठला शब्द वापरला ते नीट ऐका आणि तोच फरक नर्सला सांगा. सगळ्याचं ‘पेन’ करून टाकू नका. सरकारी मदत घेणाऱ्या इस्पितळांना, म्हणजे इथल्या बहुतेक सर्वच इस्पितळांना, दुभाषा विनामूल्य पुरवावा लागतो. तो फोनवर का असेना, जरूर मागावा. मुलासमोर आई जे बोलणार नाही ते कदाचित त्रयस्थाजवळ बोलेल. आणि रात्री दोन वाजता नर्सला बोलावण्याचा संकोच तर मुळीच नको.

घरी आल्यावर पुन्हा धीराची गाठ. गंभीर फ्रॅक्चरमध्ये पायावर वजन टाकायला सहसा १० ते १२ आठवडे मनाई असते. गुडघा वाकवण्याचा व्यायाम मात्र लवकर सुरू होतो. ‘देवघरापर्यंतच तर गेले’ म्हणून टाकलेली चार पावलंही उचललेलं पठार पुन्हा खचवू शकतात. पाय तेलाने रगडणं नको. पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असली तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. म्हणूनच रक्त पातळ ठेवण्याचं औषध देतात. पोटरी अचानक सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ ९११. मधुमेह असेल तर साखर काबूत हवी. सिगरेट आणि तंबाखू बंद, मशेरीसुद्धा! हाड जुळायला आणि जखम भरायला दोन्हींचा अडथळा होतो.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी रूमला पैसे किंवा इन्शुरन्स न पाहता रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. पण त्यापुढच्या सगळ्या उपचारांची हमी त्यात नाही. पाहुण्या आई-वडिलांसाठी घेतलेला इन्शुरन्स प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कमच देणारा आहे की एकूण बिलाचा मोठा भाग उचलणारा आहे, हे त्यांनी विमानात बसण्यापूर्वी वाचावं. मधल्या दोन आठवड्यांत दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी मागून ठेवावी. विनानफा इस्पितळांकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण असावंच लागतं. ते मागायला लाज कसली? काही मंडळी विचार करतात की सांगाडा लावून आईला भारतात न्यावं आणि पुढचं तिथे करावं. तिथले सर्जन उत्तम आहेत यात शंका नाही. पण वीस तासांच्या प्रवासात गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा इथल्या सर्जनने ‘जा’ म्हटल्याशिवाय तिकीट काढू नये, आणि सी.टी.ची सी.डी. हातातल्या बॅगेत ठेवावी.

शेवटी सर्वांच्या मनातला प्रश्न : गुडघा पूर्वीसारखा होईल का? काहींचा होतो. पुष्कळांना चालणं-फिरणं, जिने जमतं, पण मांडी घालणं किंवा उकिडवं बसणं अवघड जातं. पुढे संधिवाताची शक्यता वाढते. तरीही ऑन्टारिओ प्रांतातल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांत कृत्रिम गुडघा बसवावा लागलेले सुमारे ७ टक्केच होते. हे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे पाचपट आहे हे खरं, पण त्याचाच अर्थ असा की बहुतेकांना तो लागला नाही.

हे सारं डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नव्हे, तर त्यांच्याशी बोलताना हाताशी असावं म्हणून लिहिलं आहे. आपल्या घरी यंदा कुणी वडीलधारे येणार असतील तर हे पान त्यांनाही वाचायला द्या, आणि ‘दुखलं तर सांगायचं हं’ हे येण्याआधीच फोनवर त्यांच्याकडून कबूल करून घ्या. बर्फावर मीठ टाकायला विसरू नका. पुढच्या अंकात भेटूच.