सेन्सर नवा, दुखणं जुनंच

आज गाडीचं लिहितो, पण शेवटी शेतावरच येतो.

माझी 2004 सालची पेट्रोल गाडी. महिनाभर तिचं नाटक चाललं होतं. उभी असताना रेस आपोआप वर-खाली, चालताना झटके, मधेच बंद. आईला डोळे दाखवायला तालुक्याला नेताना भर चौकात बंद पडली. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या. त्याने कसाबसा कडेला घेतला म्हणून निभावलं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, थ्रॉटल सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलला, 1800 रुपये गेले. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी परत तेच. मग म्हणाले, आता अख्खी थ्रॉटल बॉडीच बदलू.

म्हटलं थांबा. विहिरीच्या मोटारीसाठी घरात मल्टिमीटर आहे, तो काढला.

हा सेन्सर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. वायरी तीन. एकीवर 5 व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, तिसरीवरून सिग्नल परत जातो. माझ्यासारख्या केबलवाल्या जुन्या गाड्यांत पाय सोडलेला असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. मधे तो न अडखळता चढला पाहिजे. वायरीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक गाडीत वेगळे असतात.

चावी ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला. 5 व्होल्टची वायर ठीक. सिग्नल मात्र पाय न लावता अर्ध्यावरून एकपर्यंत उड्या मारत होता. म्हणजे गाडीला वाटायचं, कुणीतरी ॲक्सिलेटर दाबतंय! मग अर्थिंगची वायर बघितली. तिथे जवळजवळ शून्य हवं, 0.1 च्या आत. माझ्याकडे 0.4, आणि सॉकेट हलवलं की वर-खाली. मग काळी वायर बॅटरीवरून काढून सेन्सरच्याच अर्थिंगला लावली, तर सिग्नल बऱ्यापैकी स्थिर. म्हणजे सेन्सर चांगला, अर्थिंग खराब.

सॉकेट उघडलं तर अर्थिंगची पिन सैल आणि हिरवी पडलेली. सेन्सर बदलताना सॉकेट काढून परत बसवलं, तेवढ्या घासण्याने चार दिवस चाललं असणार. पाणी कुठून गेलं? मीच फवारणीच्या एचटीपी पंपाने इंजिन धुतो ना! कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन हलकी आवळली, परत मोजलं. गाडी शांत झाली ती आजतागायत.

आता माझं मत. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. स्कॅनरचा कोड सांगतो की अमुक सर्किटचा आकडा बिघडलाय. सेन्सर मेलाय असं तो म्हणत नाही. खरं शोधायला तासभर लागतो, आणि त्या तासाचे पैसे आपण देतो का? पार्टचे 1800 मुकाट देतो, तपासणीचे 300 मागितले की तोंड वाकडं करतो. मग तो पार्टच विकणार.

शेतातही तेच. पान पिवळं दिसलं की दुकानात जाऊन बाटली आणतो. खाली पाणी साचून मुळ्या सडल्यात की चुनखडीमुळे लोह मिळत नाही, हे झाड उपटून आणि माती तपासून कळतं. पण सल्ला फुकट हवा, म्हणून सल्ला देणाऱ्याचं पोट बाटलीवर चालतं. कृषी सल्लागार मित्रांनो, तपासणीची फी उघड मागा. शेतकरी बांधवांनो, ती द्या. शेवटी स्वस्त पडते.

आणि एचटीपी पंप फवारणीलाच ठेवा.