बर्फाचे फोटो आणि चौथा फोटो



सांगवीत डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. सकाळी धुकं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि पारा 10-12 अंशांवर आला की दारोदारी शेकोट्या. अशाच एका सकाळी माझ्या मोबाइलवर चार फोटो आले. आमची एक माजी विद्यार्थिनी वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला आहे. "सर, वर्गात दाखवा," एवढंच तिनं लिहिलं होतं. फोटो दाखवताना जे मनात आलं ते आज मांडतो.

पहिला फोटो अला-आर्चा राष्ट्रीय उद्यानाचा. शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर बर्फानं भरलेली दरी, आणि त्यात लाल टोपी घातलेली आपली पोरगी. दुसरा इसिक-कुल सरोवराचा. समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंचीवर असूनही हे सरोवर हिवाळ्यात गोठत नाही, कारण ते खूप खोल आहे आणि पाणी किंचित खारट. त्याच्या नावाचा अर्थच 'उबदार सरोवर'. तिसरा फोटो सुट्टीतल्या सहलीचा, ओश शहरातल्या सुलेमान-तू डोंगराचा. 2009 पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. इतिहासात आपण वाचतो त्या बाबरानं तरुणपणी या डोंगरावर छोटी वास्तू बांधली होती.

मग नकाशा काढला. "सांगवीवर बोट ठेवा आणि सरळ वर, उत्तरेकडे न्या." बोट जवळजवळ बिश्केकवरच थांबलं! दोन्ही गावं 74.5 अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास. सरळ रेषेत अंतर सुमारे 2,750 किलोमीटर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढं. तरीही डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि तिथं साडेआठच्या. आपला दिवस 11 तासांचा, त्यांचा 9 तासांचा. रेखावृत्त तेच, पण अक्षवृत्त बदललं की दिवस असा आखडतो. पुस्तकातलं हे वाक्य मुलांना त्या दिवशी खरं कळलं.

आता चौथा फोटो. तो बहुधा चुकून आला असावा. वसतिगृहाची खिडकी, आतल्या गरम पाइपवर वाळत घातलेले मोजे, टेबलावर जाडजूड पुस्तक, आणि बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं करडं. एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्याकडं पाचट पेटवल्यावर असंच दिसतं की!" बरोबर ओळखलं त्यानं. बिश्केकमध्ये थंडीत घरं तापवायला कोळसा जाळतात. शहराच्या दक्षिणेला डोंगर असल्यानं थंड हवा खाली साचते आणि धूर तिथंच अडकतो. हिवाळ्यात जगातल्या सर्वात प्रदूषित शहरांच्या यादीत या शहराचं नाव बऱ्याचदा वर असतं.

माझं मत असं की चारांमधला हा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आहे. आणि नेमका हाच फोटो आपल्यापर्यंत येत नाही.

गावाच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो फिरतात. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाच्या रंगीत पत्रकावरही बर्फच असतो. ते बघून दहावी-बारावीची पोरं ठरवतात, आपणही जायचं. आई-बाप कर्ज काढतात, कुणी जमिनीचा तुकडा विकतं. पण तिथं जाऊन आलेल्याला भारतात डॉक्टरकी करायची तर काय लागतं, हे किती जणांना ठाऊक असतं? 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर परवाना परीक्षा. सध्याच्या परीक्षेत 300 प्रश्नांपैकी किमान 150 बरोबर यावे लागतात. बर्फाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

मे 2024 आठवतो? बिश्केकमधल्या एका मारामारीचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरला. 17 मेच्या रात्री जमाव जमला आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासानं विद्यार्थ्यांना बाहेर पडू नका असं सांगितलं. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या ग्रुपवर एकही फोटो आला नाही. आला तो फक्त निरोप, "आम्ही ठीक आहोत." तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याला तिथला बर्फ माहीत होता, पण पोरं राहतात कुठं, कशी, हे माहीत नव्हतं.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. जिद्दीनं शिकून डॉक्टर झालेली मुलं आहेतच, आणि आमची विद्यार्थिनीही त्यातलीच होईल असा मला विश्वास वाटतो. माझं म्हणणं एवढंच की फोटो बघायला शिका. फोटोत काय आहे ते सांगता आलं पाहिजे, आणि काय नाही तेही विचारता आलं पाहिजे.

चूक एकट्या पोरांची नाही, आपलीही आहे. कुणी लिहिलं, "इथं करमत नाही, धुरानं खोकला झालाय," तर आपण लगेच म्हणतो, "एवढा पैसा घातलाय, आता सहन कर." मग पोरगी मोज्यांचा फोटो कशाला पाठवेल? ती लाल टोपी घालते आणि हसते. चौथा फोटो हवा असेल तर तो बघायची तयारी घरातूनच दाखवली पाहिजे.

तिला मी उत्तर पाठवलं, "चौथा फोटो मुलांना सगळ्यात आवडला." बऱ्याच वेळानं तिचा निरोप आला, "सर, तो चुकून गेला होता. पण आता अजून पाठवते."

उपक्रम : तुमच्या घरातलं किंवा गल्लीतलं कुणी परदेशी असेल, तर त्यांच्याकडून त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारा फोटो मागवा. ते ठिकाण नकाशावर शोधा, अक्षवृत्त-रेखावृत्त लिहा. मग त्या फोटोवर दहा ओळी लिहा. पाच ओळी दिसतं त्याबद्दल आणि पाच ओळी दिसत नाही त्याबद्दल.